फितुराला दाना न्हाई

परवा नात पुस्तक वाचून दाखवत हुती. जादूच्या नगरीतली चोरांची टोळी. कुनी फितूर झालं की म्होरक्या त्याची सावली कापून बाटलीत भरतो. मी म्हनलं, "मग त्यो फितूर जेवतो का?"

म्हनली, "जेवतो की आज्जी."

मग कसली आलीया शिक्षा. आमच्या टोळीत असलं लाड नव्हतं.

लढाई चालू हुती तवा. नवरा पलटनीत, सासू हिवतापानं आंथरुनाला, घरात जुंधळ्याचा दाना न्हाई. कोरेगावाकडं एका बागायतदाराच्या हितं बियासाटी भुईमुगाच्या शेंगा फोडायला आमी सात-आठ बायका जायचो. दानं खायाची बंदी. त्यासाटी मालकिणीनं अक्कल लढवली. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी हुंकार द्यायचा. तोंड गुतल्यावर दाना जातोय कुटनं? बाई शिकलेली हुती, पर तोंडात चार दानं आसलं तरी "हूं" नाकातनं निघतं ह्ये तिला ठावं नव्हतं.

गोष्ट सांगायची एक म्हातारी, तिला समद्या आत्ती म्हनायच्या. तिची गोष्ट पाताळातल्या चोरांच्या राजाची. फितुराची जीभ त्यो साळिंदराच्या काट्यानं शिवायचा. सांगून सांगून आत्तीला खायाला सवड न्हाई, म्हनून परतेकीनं मूठभर दानं तिच्या ओटीत टाकायचं, ह्यो आमचा कायदा. काट्याचं सांगताना ती एकेकीच्या तोंडाकडं बघायची. राजाला कोन भितंय, आमी आत्तीला भ्यायचो.

एक दिस मालकिणीनं मला हौदापाशी गाठलं. "दाणे कमी भरतायत. खरं सांग, शेरभर जोंधळे देते."

सासू डोळ्याम्होरं आली. मी म्हनलं, "आत्तीची ओटी बघा."

ओटी झाडली, पसाभर दानं पडलं. मालकिणीनं आत्तीला आपल्या पायाशी फोडायला बसवलं आनि मला म्हनली, "जोंधळ्याचं बघू." ते बघनं आजून चाललंय.

घरी जाताना ओढ्यावर बायकांनी मला घेरलं. एक म्हनली, "आत्ती, शिवायची का हिची जीभ?"

"जीभ लागंल," आत्ती म्हनली. "उद्यापासनं गोष्ट ही सांगल."

"आनि हिच्या ओटीत काय टाकायचं?"

"वारं."

दोन दिस मी बोलत ऱ्हायले, बायका खात ऱ्हायल्या. गोष्ट मला कुटं येत हुती? फितुराला उकळत्या काकवीत बुडवला, तर माज्याच तोंडाला पानी सुटलं. शेजारची चावत चावत म्हनायची, "हूं. मग?"

तिसऱ्या दिशी घेरी याया लागली. म्हनलं, "राजाला कळंना, ह्या फितुराचं आता काय करावं."

मालकिणीच्या पायाशी बसून आत्तीनं इचारलं, "त्याच्या घरात कोन आजारी हाय का?"

"हाय."

"मग त्यानं टोळीला आदी सांगायचं हुतं. मुडद्याला तोंड नव्हतं का?"

"हुतं. लाज वाटली."

मालकीण पानी प्यायला आत गेली तशी शेजारनीनं माज्या ओटीत मूठ रिकामी केली. मग दुसरीनं. आत्ती म्हनली, "सासूला कुटून घाल. चावायचं न्हाई तिला."

गोष्ट मातूर मलाच सांगाया लावली. कटाळून एक दिस मी राजाच मारून टाकला. आत्ती म्हनली, "उद्या उठीव त्याला. शेंगा आजून हायत्या."