तबक धरलेली बाई

मला सिनेमातल्या माणसांच्या सह्या जमवायचा नाद आहे. हिरो-हिरॉइनच्या नव्हे, त्या कुणीही जमवतं. मला लागतात मागं उभी राहणारी माणसं: दार उघडणारा गडी, पदर तोंडाला लावणारी शेजारीण. जुन्या सिनेमाचा फोटो पैदा करायचा, त्यातलं माणूस हुडकायचं आणि त्याच फोटोवर त्याची सही घ्यायची. बायको म्हणते, "घरातली माणसं सोडून भुतं गोळा करताय." म्हणेना का!

आमच्याच शहरात सात रस्त्याजवळ मुलाकडं राहणाऱ्या एका म्हातारीचा असाच पत्ता लागला. तरुणपणी ती मावशीबरोबर कोल्हापुरात एका सिनेमा कंपनीत स्वयंपाकाला होती. एकदा माणूस कमी पडलं म्हणून हातात तबक देऊन तिला हिरॉइनच्या मागं उभं केलं. पुढं लग्न होऊन ती मैंदर्गीला गेली आणि नवऱ्यानं सिनेमाचं नावसुद्धा काढू दिलं नाही. स्वतःचा तो सिनेमा तिनं पाहिलाच नाही. आता त्याची प्रतही कुठं उरलेली नाही. लग्नाआधीचा एकही फोटो नाही तिचा.

"मी कशी दिसत होते ते मलाच आठवत न्हाय बघ," ती म्हणाली. "फोटो घावला तर आण की बाबा. मग कर म्हणशील तितक्या सह्या करते."

लई हिंडलो. शेवटी एका रद्दीवाल्याच्या गठ्ठ्यात तो फोटो मिळाला. कोपरे शाबूत, मागं कंपनीचा शिक्का, आणि कडेला तबक धरलेली बाई! तिथूनच फोन लावला, "मावशी, घावला!" पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं.

तसाच उघडा फोटो काय द्यायचा, म्हणून फ्रेमवाल्याकडं टाकला. दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळलेली फ्रेम उचलली ती थेट तिच्या घरी. म्हातारी ठेवणीतलं लुगडं नेसून, चष्मा पुसून बसली होती. मी कागद फाडला.

हिरो होता, हिरॉइन होती. कडेला एक मनगट आणि अर्धं तबक.

"ह्यात मी कुटं हाय?" तिनं विचारलं.

तसाच दुकानात गेलो. फ्रेमवाला खुशीत होता. "फोटो फ्रेमपेक्षा रुंद होता, साहेब. कडेला कोण कामवाली बाई होती, ती उडवली. आता जोडी कशी मधोमध आली!" जुन्या फोटोंना ते असंच करतात म्हणे. तुकडा सकाळीच घंटागाडीत गेला होता. मी घसा फुटेस्तोवर ओरडलो. पण ओरडून काय उपयोग? खिशात मोबाइल असून फोटोचा फोटो काढून ठेवावा, हे माझ्या तरी टाळक्यात कुठं आलं होतं!

परत जाऊन सगळं सांगितलं. सून समजूत घालायला लागली, "आत्या, जाऊ द्या. हात तुमचाच हाय की. दिसतंय आमाला."

म्हातारी काचेवरून त्या मनगटावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "आण पेन. तू तरी एवढा हिंडलास."

मी नको नको म्हणत होतो. तिनं ऐकलं नाही. माझ्या मार्कर पेननं मनगटाशेजारी काचेवरच एकेक अक्षर काढत सही केली. पेन माझ्या हातात देताना तिनं माझा हात धरून ठेवला.

"तू बघितलंस न्हवं मला? सांग की, कशी होते?"

"लई देखण्या होता, मावशी."

"तसं नगं रे. नाक कसं होतं? कपाळ? हसत होते का?"

मी डोळे मिटून आठवायला लागलो. शिक्का आठवला, शाबूत कोपरे आठवले, तबक आठवलं. ती हात धरून वाट बघत होती, आणि मला तिचा चेहरा काही केल्या आठवेना.