टाकळीवालीचा डबा

आमच्या वहिनीला दुपारच्या वेळी कोणी हाक मारलेली खपत नसे, कारण त्या वेळी ती माणसं मारत असे. कानांवर भलेमोठे हेडफोन, मांडीवर कीबोर्ड आणि तोंडाने अस्सल वऱ्हाडी, "अबे, मागून येऊन राहिला तो! पाय ना तिकडं! गोळ्या सरल्या का तुह्या? मंग पळ न!" लग्नाच्या पहिल्याच वर्षात शेजारच्या काकू काळजीने विचारायला आल्या, की नवी सून फोनवर माहेरच्यांशी एवढी भांडते कशापायी? आईने सांगितलं, "नाही वं बाई, खेळून राहिली." हे ऐकून काकूंची काळजी आणखीच वाढली.

तिचं माहेर बार्शीटाकळीचं. आमच्या अमरावतीच्या घरात सुनेला तिच्या गावावरून हाक मारतात, म्हणून आईबाबांसाठी ती 'टाकळीवाली' झाली. अकोल्याला राहून तिने कॉम्प्युटरची पदवी घेतली होती, आणि आता सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्लासमध्ये पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायची. मी तिची धाकटी नणंद. ती यायच्या आधी या घरात मोठ्याने बोलणारी मी एकटीच होते, त्यामुळे मला तिचा केवढा आधार वाटला ते सांगून कळायचं नाही.

तिचा आवडता शब्द होता 'काहून?' हा शब्द आमच्या घरी कोणी वापरत नव्हतं असं नाही, पण तो बाबा वापरायचे आणि बाकीचे उत्तर द्यायचे. वहिनीने तो उलटा फिरवला. "टाकळीवाले, पाहुणे येऊन राहिले, तू आत बस." "काहून? लग्नात पाह्यलं नाही का त्याईनं मले?" हे ती भांडणाच्या सुरात म्हणत नसे. खरंच कारण जाणून घ्यायचं आहे अशा चेहऱ्याने विचारायची आणि उत्तराची वाट बघत उभी राहायची. बाबांना राग यायचा तो या वाट बघण्याचा.

आता तिच्या कॉम्प्युटरबद्दल सांगायचं तर आधी आमच्या घराबद्दल सांगावं लागतं, आणि ते सांगताना माझं डोकं अजून तापतं. घर काही लहान नाही. पुढची खोली बाबांच्या बैठकीला. मधल्या खोलीत दादाचं टेबल, त्यावर त्याचा प्रिंटर आणि बँकेचे कागद. मागच्या खोलीत बाबांच्या जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, मोडका कूलर आणि वापरात नसलेली स्कूटर. वहिनीने सासरी आल्यावर विचारलं, "माह्यं टेबल कुठं ठेवू?" तेव्हा सगळ्यांनी बरंच इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी आतल्या बोळीतलं फडताळ तिला मिळालं, त्यातलाही मधला एकच कप्पा. रद्दीला या घरात आख्खी खोली होती आणि शिकलेल्या सुनेला एक कप्पा! मी तेव्हाच बोलले. बाबा म्हणाले, "तुले काय समजते? बाईमानसाले किती जागा लागते?"

वहिनीने टेप आणून कप्पा मोजला.

तिला हवा होता तो मोठे खेळ खेळणारा, जोरकस कॉम्प्युटर. दुकानात असे मिळतात ते लहान फ्रिजएवढे असतात आणि या कप्प्यात त्यांचा पायही मावला नसता. म्हणून तिने पिठाच्या डब्यापेक्षाही लहान अशी एक पेटी मागवली आणि त्यात सगळं स्वतः बसवायचं ठरवलं. पैसे तिच्या शिकवण्यांचे. एकेक भाग कुरियरने यायचा, तो येईपर्यंत ती जोड्याच्या खोक्यात पुठ्ठ्याचे तुकडे कापून मांडामांड करायची. हा सगळे भाग जोडायचा मदरबोर्ड, हा वीज पुरवणारा खोका, हे ग्राफिक्स कार्ड. खेळाची चित्रं रंगवायचं काम हे कार्ड करतं, आणि ते आकाराने सगळ्यात मोठं, तापण्यातही सगळ्यात पुढे. ते बोटभर लांब पडायचं. दुसरी कोणी असती तर तिने लहान कार्ड घेतलं असतं. हिने ते बोर्डाच्या पाठीला पाठ लावून उभं केलं आणि मधून एक चपटी पट्टीसारखी वायर वळवून जोडली. पेटी बंद झाली तेव्हा आत काडी घालायला जागा नव्हती. आई वाकून बघत म्हणाली, "माय वं, भरल्या वांग्यावानी झालं हे तं."

अमरावतीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मे महिन्यात इथे माणूस बंद राहत नाही, तिथे यंत्र कसं राहील? वहिनी मला म्हणायची, "लहान डब्यात भांडन जागेचं नसते मनू, गरमीचं असते. आत जे तापते त्याले बाहेर निघाले वाट पाह्यजे." तिने प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं उतरवून ठेवलं. आच कमी केली तरी भाजी तेवढीच शिजते, करपत मात्र नाही, हा तिचा हिशोब होता. मग फडताळाच्या मागच्या फळीला तिने भोकं पाडली. त्यावरून बाबांनी घर डोक्यावर घेतलं. चांगलं सागवानी फडताळ फोडलं म्हणे! वहिनीने विचारलं, "काहून? श्वास घ्याले नोको का त्याले?" आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. त्या भर उन्हाळ्यातही तो डबा बंद पडला नाही.

दोन वर्षं सुखाची गेली. आईला तर त्या डब्याचं कौतुकच होतं. एवढ्याशा पेटीत डोंगर, नद्या, पळणाऱ्या गाड्या मावतात याचं तिला नवल वाटायचं. दुपारी भाजी निवडताना ती वहिनीच्या मागे बसायची आणि "तो पाय, झाडामागं लपला" असं बोट दाखवायची. सासू-सुनेच्या त्या जोडीने बऱ्याच जणांना लोळवलं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या सगळ्या यंत्रांची, हत्यारांची पूजा होते. विळा, शिलाई मशीन, मिक्सर, दादाची मोटारसायकल. आईने मोठ्या मायेने या डब्याचीही केली. वरच्या जाळीवर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मूठभर अक्षता टाकल्या. डबा चालू होता आणि वरचा पंखा हवा आत ओढणारा. अक्षता सरळ पोटात गेल्या आणि आतून असा खरखराट झाला की आईच्या हातातलं तबक पडायचं राहिलं. वहिनी धावत आली, बटण बंद केलं, वर्तमानपत्र पसरून डबा उघडला आणि चिमट्याने एकेक दाणा वेचत बसली. आई रडवेली झाली होती. वहिनी तिला म्हणाली, "आई, तुमी मनानं केलं ना? मंग झालं. फक्त पुढच्या साली खालच्या अंगाले वाहा." दुपारपर्यंत डबा पुन्हा सुरू झाला आणि वहिनी दसऱ्यासाठी माहेरी गेली.

दसऱ्याला अकोल्याचे काका, बाबांचे धाकटे भाऊ, सोनं द्यायला आले. बोलता बोलता त्यांच्या मुलाचा विषय निघाला. तो इंजिनिअरिंगला, त्याला चांगला कॉम्प्युटर पाहिजे, आजकाल परवडतं कुठे वगैरे. बाबा रंगात आले होते. भावाने दिलेली आपट्याची पानं हातात, समोर बासुंदीची वाटी. म्हणाले, "न्या न मंग आमचा. इथं कोन वापरते त्याले?"

मी उभीच राहिले. "बाबा, तो वहिनीचा आहे."

"वहिनीचा म्हंजे? वहिनी कोनाची हाय? घरचीच ना? अन् काल घरच्या यंत्रात पूजा झाली ना त्याची? मंग घरचाच झाला तो."

हा न्याय! आईने मायेने वाहिलेल्या अक्षतांचा असा उपयोग होईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती म्हणालीसुद्धा, "टाकळीवालीले इचारा तं खरं, उद्या येतेच ते." पण तिचं कोण ऐकतं? मी आवाज चढवला तेव्हा मला पाहुण्यांसमोर अक्कल काढून आत पाठवलं. आणि दादा? आमचा दादा फार चांगला माणूस आहे असं सगळी अमरावती म्हणते. कोणाला दुखवत नाही, कोणाशी वाद घालत नाही. त्या दिवशीही त्याने कोणाला दुखवलं नाही. बाबांना नाही, काकांना नाही. तो उठला, त्याने वायरी काढल्या, डबा चादरीत गुंडाळला आणि काकांच्या गाडीत नेऊन ठेवला. पासवर्ड विचारला तर तोही सांगितला. पासवर्ड त्याच्या आणि वहिनीच्या लग्नाची तारीख होती.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली. तिला रिकामा कप्पा दिसला. काय झालं ते मीच सांगितलं. तिने दादाकडे पाहिलं. दादा म्हणाला, "जाऊ दे न आता. दुसरा घेऊ आपन. मोठा घेऊ." तिने त्याला 'काहून' विचारलं नाही. माझ्या मते तिथेच सगळं संपलं, पण ते आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या दिवशी सकाळी ती मला घेऊन अकोल्याच्या बसमध्ये बसली. दादाने "कुठे चालल्या" एवढंही विचारलं नाही.

काकांच्या घरी डबा कुठे असावा? शोकेसमध्ये! काच लावलेल्या शोकेसमध्ये, बाहुल्या आणि लग्नातल्या भेटवस्तूंच्या रांगेत. दिसायला छान म्हणून काकूंनी तिथे ठेवला होता आणि धूळ बसू नये म्हणून वरून काचही सरकवली होती. मागच्या भोकातून वायरी टीव्हीला जोडलेल्या. काका आल्या आल्या तक्रारच करायला लागले, "बिघडलेला दिला वं माह्या मोठ्या भावानं. अर्ध्या घंट्यात बंद पडते." वहिनीने काच सरकवून डब्यावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. खरं सांगते, त्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्न होऊन आल्यापासून मी ते पहिल्यांदा पाहत होते.

काकूंनी चहा आणला. आमच्या वऱ्हाडात चहा नाकारणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. वहिनीने चहा नाकारला नाही. शांतपणे पूर्ण प्याली, कपबशी आत नेऊन विसळून ठेवली, आणि मग येऊन वायरी काढायला लागली.

"हे काय करून राहिली?" काका उठले. "देल्ली वस्तू कोनी वापस नेते का?"

"देनाऱ्याची असली तं नाही नेत, काका," ती म्हणाली. "हे त्याईची नव्हती."

काका लाल झाले. मोठ्या भावाला फोन लावतो म्हणाले. "लावा," वहिनी म्हणाली. तिने डबा आपल्या खांद्याच्या पिशवीत घातला. पाठीवर शाळेचं दप्तर घ्यावं तसा तो बसला. काकू बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या नुसत्या नवलाने म्हणाल्या, "एवढुसा व्हय वं! पिशवीत मावला."

"म्हनून तं एवढुसा केला काकू," वहिनी म्हणाली. "उचलून निघता यावं म्हनून."

दोन वर्षं आम्ही समजत होतो, की बिचारीने आमच्या कप्प्याचं माप घेऊन डबा बनवला. आम्हाला त्याची थोडी शरम आणि थोडा अभिमानही होता, की कशी आमची सून आहे तेवढ्यात भागवते. माप तिने कप्प्याचं घेतलं होतं हे खरं, पण आमच्या घरात आपलं काय होणार याचंही माप तिने पहिल्याच महिन्यात घेऊन ठेवलं होतं. याचा मला आधी राग आला, तिचा. मग स्टँडपर्यंत चालता चालता तो राग जिथे जायला हवा तिथे गेला.

अकोल्याच्या स्टँडवर तिने मला अमरावतीच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "आईले सांग, बीपीच्या गोळ्या वेळेवर घ्या म्हना. अन् तू भांडनं सोडू नोको." मी म्हटलं, "तू?" ती बार्शीटाकळीच्या गाडीकडे बघत म्हणाली, "मी नाही येत, मनू." पिशवी तिने छातीशी धरली होती. माझी गाडी निघाली.

बाबा आजही आल्यागेल्याला सांगतात, की एका खेळण्याच्या डब्यापायी पोरीने संसार मोडला. लोक माना डोलावतात. खेळणं! जणू ती शेंबड्या पोरासारखी खेळण्यासाठी रुसून गेली. मी तिथे असले तर पूर्ण हकिकत सांगते, मग पाहुणे घाईने उठतात. आई आता दुपारी एकटीच भाजी निवडते आणि निवडून झाली तरी तिथेच बसून राहते.

वहिनी आता अकोल्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते, तिचा स्वतःचा क्लास आहे. मी जाते अधूनमधून. मागच्या वेळी निघताना दादा दारापर्यंत माझ्यामागे आला आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "तिले म्हन, माह्यं चुकलं." मला वाटलं, चला, उशिरा का होईना. मी बसमध्ये सारखं तेच घोळवत गेले.

मी पोचले तेव्हा तिचा खेळ ऐन रंगात होता. तिने एका कानावरचा हेडफोन बाजूला करून माझं ऐकून घेतलं. पडद्यावर तेवढ्यात तिला कोणीतरी मारलं. तिकडे तिचं लक्ष नव्हतं.

"त्याईले सांग, माह्याकडं निरोप नोका पाठवू," ती म्हणाली. "बाबाइसमोर उभं राहून म्हना, की टाकळीवालीची वस्तू होती अन् मी उचलून देल्ली. फक्त एकडाव. मंग मी तिकडं याले बॅग भरते."

संध्याकाळी घरी येऊन मी दादाला शब्दन् शब्द सांगितला. बाबा पुढच्या खोलीतच होते, वर्तमानपत्र वाचत, दहा पावलांवर. दादा खुर्चीतून अर्धा उठला. दाराकडे पाहिलं. मग परत बसला आणि मला विचारलं, "चहा झाला का वं?"

मी म्हटलं, "नाही. ऊठ अन् टाक."