बाई नक्की कुठल्या?

सलूनमधल्या टीव्हीवर अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक चालू होती आणि माझ्या निम्म्या गालाला साबण लागलेला होता. पडद्यावर रंगीत नकाशा. चष्मेवाला कुणीतरी सांगत होता, गोरे इकडं झुकलेत, काळे तिकडं, आणि बाहेरून येऊन राहिलेल्यांचा अजून अंदाज लागत नाही.

"आवं, येवढा शिकलेला देश," बाकावरचा दूध डेअरीवाला म्हणाला, "आन् कातडं बघून मत देत्यात?"

"लय मागास लोकं," न्हावी म्हणाला.

सगळं सलून हसलं. मीही हसलो आणि साबण तोंडात गेला. थुंकायला उठलो नसतो तर तेव्हाच विचारलं असतं, की गड्यांनो, आपण काय बघून देतो?

पुढं आमच्या गावातही अध्यक्ष निवडायची वेळ आली. नगराध्यक्ष, थेट जनतेतून. गाव कुठलं ते सांगत नाही. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मधे, फलटणहून विट्याला जाताना लागेल न लागेल. शोधत बसा.

माझा धंदा निवेदनाचा. लग्नात मंगलाष्टकांआधी जेवणाच्या पंगतीची सूचना देणारा, कुस्तीच्या मैदानात पैलवानांची वंशावळ सांगणारा आवाज तो माझा. निवडणुकीत हाच आवाज रिक्षावरच्या कर्ण्यातून निघतो. आजवर मी सगळ्या पक्षांसाठी तितक्याच तळमळीनं ओरडलो. पण या वेळी बोलावणं बाईंकडून आलं. बाई म्हणजे नगरपालिकेच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. निम्म्या गावाला त्यांनी पाढे शिकवलेत, आणि मला चौथीत पहिल्यांदा माईकसमोर ढकललं तेही त्यांनीच.

उभ्या राहिल्या त्या एकाच गोष्टीसाठी. बाजारपेठेला लागून असलेली ती शाळा पाडून तिथं दुकानांचे गाळे काढायचा घाट चालला होता. बाई अध्यक्ष झाल्या तर शाळा राहणार, नाहीतर जाणार. इतकं सरळ.

आता एक सांगतो. आमच्याकडं जात कुणी विचारत नाही. छे छे, आम्ही सुधारलेले आहोत! आम्ही विचारतो, "पावणं कुठलं?" मग, "माहेर?" मग, "मामाचं आडनाव?" मग, "कुलदैवत?" आणि एवढं करूनही समोरचा हाती लागला नाही, तर चहाचा घोट घेत, सहज, "घरात मटण चालतं न्हवं?"

बाईंनी या चौकशीची पार वाट लावली. एक तर त्यांचं आडनाव आमच्या भागात चार जातींत निघतं. त्यात मालक लवकर गेलेले, मूलबाळ नाही, बदली होऊन गावात आलेल्या, त्यामुळं पाव्हणेरावळे कुणी पाहिलेलेच नाहीत. आणि कुणी विचारलंच तर त्या म्हणायच्या, "मी शाळेतली."

मग लोकांनी आपापलं संशोधन केलं. जैन बस्तीच्या गल्लीत गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. घरातल्या काकू म्हणाल्या, "बाई, चार घास खाऊन घ्या, दिवस मावळंल."

"द्या," बाई म्हणाल्या. "मावळल्यावर मला काही चालतच नाही."

काकूंनी जावेकडं असं पाहिलं, जणू लॉटरी लागली. पित्त होतं म्हणून चालत नाही, हे पुढचं वाक्य बाईंच्या तोंडात घास असल्यानं राहून गेलं. आम्ही पायऱ्या उतरतोय तोवर मागून आवाज: "आपल्यातल्याच हो त्या!"

दुसऱ्या दिवशी पूर्वेच्या माळाकडच्या धनगरवाड्यात गेलो. बिरोबाच्या देवळात पुजाऱ्यानं सगळ्यांवर भंडारा उधळला. आम्ही सगळ्यांनी हळद झटकली, बाईंनी नाही झटकली. "बघितलं का, तसाच ठिवला कपाळावर," एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला. "आपल्यातली हाय रं." बाई मला रिक्षात म्हणाल्या, "रुमाल घरी विसरला की रे." आणि वरच्या आळीत, जिथं भिंतीवर तलवारी टांगलेल्या असतात, तिथं भर दुपारी उन्हासाठी त्यांनी डोक्यावर पदर घेतला. झालं! "खानदानी हायती. आपल्यातल्याच."

मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "बाई," मी म्हणालो, "तुम्ही फक्त गप्प बसा, आपण आलो निवडून! आणि मी असं करतो, प्रत्येक गल्लीत त्यांचा त्यांचा जयजयकार करून सुरुवात करतो."

"शाळेचं बोल," बाई म्हणाल्या. "त्याच्यापुढं एक शब्द बोललास तर रिक्षातून खाली उतरवीन."

मतदानाला थोडे दिवस राहिले असताना समोरच्या पार्टीचा एक उत्साही माणूस मोटारसायकल काढून बाईंच्या माहेरी, पार कर्नाटकाच्या हद्दीपाशी जाऊन आला. सकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक मोबाईलवर ती बातमी होती.

काय होती? बघा, तुम्हालाही पाहिजेच ना! एवढा वेळ शाळेचं वाचताना नाही, पण आत्ता कान टवकारले. नाही सांगणार. त्या चार जातींतली एक, बास. ज्यांना एवढ्यानं झोप लागणार नाही त्यांनी जागं राहावं.

त्या दिवशी गल्ल्यांमधून रिक्षा फिरली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या उंबऱ्यांपुढं ओरडलो. दारं उघडी होती, माणसं आतल्या खोलीत. एका घरातून आवाज आला, "फसवलं बाईनं." कुणी फसवलं? कशात? तिनं तोंड उघडून एक अक्षर सांगितलं होतं का? घास तुम्ही दिलात, हळद तुम्ही उधळलीत, पदरातलं खानदान तुम्ही पाहिलंत, आणि फसवलं म्हणे तिनं! माझा संताप असा की माईक चालू आहे हे विसरून मी त्यांना काय म्हणालो, ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. ते इथं छापता येणार नाही.

माझ्या स्वतःच्या आळीतले काय कमी! "तू आपल्यातला असून तिच्या रिक्षात कसा रं?" चुलत्यानं भर चौकात विचारलं.

"आवं, भाडं मिळतंय म्हणून," मी म्हणालो. ते त्यांना लगेच पटलं. भाड्यानं गेलेला चालतो, मनानं गेलेला चालत नाही.

पण कळस पुढंच आहे. बाई ज्यांच्यातल्या निघाल्या, त्यांची तरी मतं पडतील, असा माझा हिशेब होता. त्यांचे कारभारी आले ते तोंड पाडून. "बाई, आमची लाज वाटली व्हय तुमाला? आदी सांगायचं न्हाई?"

परके रागावले कारण ती त्यांच्यातली नव्हती, आणि घरचे रागावले कारण तिनं ते मिरवलं नव्हतं.

सलूनमधला तो डेअरीवालाही आला होता त्यांच्यासोबत, मान खाली घालून. बाईंचाच विद्यार्थी. "चौथीत दप्तरातनं बेडूक आणलास," बाई त्याला म्हणाल्या, "तो माझ्या टेबलावर बसला तेव्हा नाही विचारलंस रे, बाई नक्की कुठल्या ते."

"तवा ल्हान हुतो, बाई."

"हं. तेव्हा शहाणा होतास."

बाई पडल्या. थोडक्यात नाही, चांगल्या दणदणीत पडल्या. गुलाल समोरच्या दारात उडाला आणि पहिल्याच सभेत शाळा पाडायचा ठराव झाला. मुलांना पलीकडच्या टोकाच्या शाळेत घालायचं ठरलं. मधे हायवे. उसाच्या ट्रॉल्या.

तेव्हा गाव जागं झालं. एका रविवारी सकाळी मी बाईंच्या ओट्यावर चहा पीत होतो, तर प्रत्येक गल्लीतला एकेक माणूस असे मिळून आले. डेअरीवाला बोलायला पुढं. "बाई, मोर्चा काढायचा हाय. शाळा पाडू द्यायची न्हाई. तुमी पुडं व्हा."

वर्गात कधी पाहिला नव्हता एवढा राग त्या दिवशी मी बाईंच्या चेहऱ्यावर पाहिला. आवाज मात्र वाढला नाही.

"लाठी खायला बाई कुठलीही चालते व्हय रे?"



"मी येईन," बाई म्हणाल्या, "पण मागं, शेवटच्या रांगेत. पुढं तुमच्यातला एक काढा."

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. "ह्यांच्यातला नगं," बस्तीकडचा हळूच म्हणाला. "का नगं?" धनगरवाड्यातला म्हणाला. "पयल्यापास्नं मान आमचा हाय," वरच्या आळीतला म्हणाला. आवाज चढत गेले, कुणी कुणाच्या आज्याचं काढलं, कुणी गेल्या यात्रेतली पालखी काढली. बाई माझ्या हातातला रिकामा कप घेऊन आत गेल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली. ओट्यावर भांडणाऱ्या कुणालाही ते कळलं नाही.