विहिरीत टाकलेली बाटली

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं. विषय निघाला की कंपनीचा नियम सांगायचो आणि मोकळा व्हायचो.

परभणीत माझं औषधांचं दुकान होतं. लिव्हर पोखरणाऱ्या काविळीच्या गोळ्यांची एजन्सी माझ्याकडे होती. गोळी आपल्याच देशात बनायची, परवाना परदेशी कंपनीचा. तीच गोळी कंपनी श्रीमंत देशांत जमीन विकावी लागेल अशा भावानं विकायची, इथं स्वस्तात. इथली बाटली तिकडं पोचली तर तिकडचा भाव पडणार. म्हणून नियम होता, रिकामी बाटली परत घेतल्याशिवाय पुढची द्यायची नाही. मला तो फार हुशारीचा वाटायचा.

बोरीची एक बाई पहिली बाटली संपवून आली, ती हात हलवत.

"बाटली कुठाय?"

"हिरीत टाकली दादा. गोळ्या मिसरीच्या डबीत लपवल्या. सासूला कळलं तर माझं ताट येगळं करंल."

"टाकली का विकली?"

"देवाशप्पथ न्हाई. डाक्टर म्हणले, खंड पडू देऊ नका."

दुकानात गिऱ्हाइकं होती. मी आवाज चढवला, "बोरीच्या बाईनं अमेरिकेत गिऱ्हाईक गाठलं बरं का!" सगळे हसले. काही न कळता तीही हसली.

"जा, हिरीतून काढून आण."

कंपनीच्या साहेबांना एक फोन केला असता तर सूट मिळाली असती. तशी मी इतरांना मिळवून दिली होती. ती शेवटच्या एसटीपर्यंत पायरीवर बसून राहिली. मी तिच्या अंगावरून जेवायला गेलो, जेवून आलो.

आठवडाभरानं तिनं बाटली आणली. दिराला विहिरीत उतरवावं लागलं होतं, म्हणजे सगळ्या घराला कळलं होतं. "आता कसं!" म्हणत मी दुसरी बाटली दिली. तिसरी न्यायला ती आलीच नाही. तिच्या गावचं एक गिऱ्हाईक सांगत होतं, तिला गोठ्यात झोपवतात, परभणीला जाऊ देत नाहीत. मी त्याला सुटे पैसे मोजून दिले.

नंतर पोखर्णीला नरसिंहाच्या देवळाबाहेर ती दिसली. हातपाय काटक्या, पोट मात्र पाणी साठून फुगलेलं. तिनंच ओळखलं.

"दादा, बरं हाय न्हवं?"

बाई, माझं चुकलं, एवढं म्हणायला मी थांबलो. तोंडातून निघालं ते असं, "मीठ कमी खात जा."

"व्हय दादा," ती म्हणाली, आणि मी चपला घालून निघालो.