गोदाकाठी बोट बघायला

केजला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. तीस वर्षं हेच करतो आहे. नुसता आवाज ऐकून इंजिनात काय बिघडलंय ते सांगतो, असं लोक म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचा थोडा ताठा होता. म्हणून धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं, "दादा, एक बोटीचं इंजिन बघायला येतो का?" तेव्हा मला हसूच आलं. बोटीचं इंजिन मी जन्मात पाहिलं नव्हतं. बीड जिल्ह्यात ते कुणाला दिसणार तरी कुठे?

बहिणीचं गाव माजलगाव धरणाच्या फुगवट्यावर आहे. दिंद्रुडला जीप बदलून जावं लागतं. तिचं घर पाण्याच्या अलीकडे आणि तीन एकर रान पाण्याच्या पलीकडे, एका टेकाडावर. धरण झालं तेव्हा खालची जमीन बुडाली, वरचा तुकडा तेवढा राहिला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तिथे चालत जाता येतं. एरवी काठाकाठाने वळसा घालून निघालं, तर सकाळचा माणूस भाकरीच्या वेळेला पोचतो. त्यामुळे गावातली माणसं गूळ करायच्या जुन्या काहिलीत बसून पलीकडे जातात. भलीमोठी लोखंडी कढईच ती. तिच्यात चार माणसं उकिडवी बसतात आणि फळीच्या तुकड्याने पाणी मागे सारतात.

मेहुणे साखर कारखान्यात कामाला आहेत, हंगामात त्यांना सवड नसते. रान बहीणच बघते. दिवाळीनंतर एका दुपारी ती आणि तिची जाऊ कापूस वेचून परत येत असताना ऐन मधोमध वारा सुटला. काहिलीला पुढची बाजू नसते, मागची नसते. ती जागच्या जागी गरगर फिरायला लागली. दोघींनी कापसाची गाठोडी पाण्यात सोडून दिली आणि फळी वाहून गेल्यावर हातांनी पाणी मारत राहिल्या. दिवस कलता कलता कुठल्यातरी परक्या गावाच्या काठाला लागल्या. त्या दिवसापासून जाऊ रानात जायची बंद झाली. बहीण दुसऱ्या दिवशीही गेली. मात्र येईल जाईल त्याला ती विचारू लागली, की कुठे जुनी बोट विकायला आहे का.

ती सापडली गेवराईच्या पुढे, गोदावरीच्या काठच्या एका गावात.

जाताना मी मनाशी ठरवूनच गेलो होतो, काहीतरी खोट काढायची आणि नको म्हणून सांगायचं. जुनं यंत्र कितीही चांगलं असलं तरी त्यात खोट सापडतेच. खरं कारण निराळं होतं. मला पोहता येत नाही, आणि पाण्याची मला भीती वाटते. बहीण इतकी वर्षं धरणाकाठी राहते, पण तिच्या रानात मी गेलो तो फक्त उन्हाळ्यात, कोरड्या वाटेने.

घर नदीपासून हाकेच्या अंतरावर होतं. दारात सत्तरीच्या एक बाई शेंगा निवडत बसल्या होत्या. नऊवारी लुगडं, कपाळाला भस्म, हात शेतकऱ्याचे. मी विचारलं, मालक आहेत का?

"मालक जाऊन दोन वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "बोट माझी हाय. बसा."

आम्ही बसलो. चहा झाला. मग मावशींनी सगळं सांगितलं. त्यांची अर्धी जमीन नदीच्या पैलतीरी. बंधाऱ्याचं पाणी तुंबून राहायला लागलं तेव्हा नवऱ्याने कुठून कुठून चौकशी करून, पार कोकणातून, ही बोट ट्रकवर घालून आणली होती. तेव्हाही ती जुनीच होती. ट्रक गावात शिरला तेव्हा शाळा सुटल्यासारखं सगळं गाव मागे धावलं म्हणे. बारा वर्षं त्या बोटीतून दुधाच्या घागरी गेल्या, खुरपायच्या बाया गेल्या, एक नवरी गेली, आणि एकदा पाय बांधून एक कालवडसुद्धा. आता नदीवर पूल झाला. तेव्हापासून बोट गोठ्यात होती.

मी विचारलं, इतके दिवस गिऱ्हाईक मिळालं नाही का? मिळालं होतं, पुष्कळ मिळालं होतं. वाळू उपसणारे तर चारदा येऊन गेले. त्यांना मावशींनी दारातूनच परत लावलं होतं. "नदी पोखरायला न्हाई देणार," एवढंच त्या म्हणाल्या आणि उठल्या.

गोठ्यात बोट पालथी ठेवलेली होती. फायबरची, आठ-नऊ हात लांब, कधीकाळी निळी असावी. शेजारी लाकडी घोडीवर वाकळ पांघरलेलं काहीतरी होतं. मावशींनी वाकळ काढली आणि मी बघतच राहिलो.

इतकंसं! एका माणसाने उचलून खांद्यावर घ्यावं एवढं ते इंजिन. माझ्या दुकानातल्या ट्रॅक्टरचा नुसता गिअरबॉक्स हलवायला तिघं लागतात. इथे वर इंजिन, त्याखाली गुडघ्याएवढा दांडा आणि टोकाला तीन पात्यांचा पंखा, बस. ना चाक, ना क्लच, ना ब्रेक. मी मातीत मांडी घालून बसलो आणि पहिल्यांदाच यंत्र बघणाऱ्या पोरासारखा त्याच्या एकेका भागावरून हात फिरवायला लागलो.

पंखा काढला तेव्हा त्याच्या दांड्यात आडवी एक बारीक पिन दिसली. मऊ धातूची. मी म्हटलं, ही कुणीतरी कच्ची बसवलीय, पोलादाची पाहिजे. मावशी हसल्या. पंखा पाण्यातल्या दगडाला लागला की ही पिन मुद्दाम तुटते, म्हणजे आतलं सगळं वाचतं, असं त्यांनी मला समजावलं. चार पिना त्यांच्याकडे कायम एका डबीत असायच्या. तीस वर्षांत मी कितीतरी गोष्टी मजबूत केल्या होत्या. तुटण्यासाठीच केलेली वस्तू कुणी इतक्या विचाराने इतक्या आत ठेवत असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

मग त्यांनी पाण्याने भरलेल्या निळ्या ड्रममध्ये इंजिन अडकवलं. पेट्रोलमध्ये तेल मिसळलं, पायाने ड्रमला टेका दिला आणि दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्या ओढीला इंजिन सुरू झालं. ड्रममधलं पाणी उसळून आमच्या अंगावर आलं. तेवढ्यात इंजिनाच्या कुशीतून पाण्याची बारीक धार उडायला लागली. मी ओरडलो, गळतंय, बंद करा. मावशींनी बंद केलं नाही. ते पाणी खालून इंजिनच ओढून घेतं आणि स्वतःला गार करून बाहेर टाकतं; ती धार थांबली तर मात्र लगेच बंद करायचं. हे त्यांनी बहिणीला दोनदा सांगितलं, मला नाही.

खोट मला शोधावीच लागली नाही. त्यांनीच सांगितलं, "खालचं तेल काढून बघा." काढलं तर ते दुधाच्या चहासारखं निघालं. म्हणजे सील गेलं होतं, गिअरात पाणी शिरत होतं. बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिन बसतं, तिच्यात पेचकस दाबला तर बोटभर आत गेला. आतलं लाकूड कुजलं होतं. मला हवी होती ती कारणं मिळाली होती. आता निघावं, असं मी बहिणीला खुणावलं.

पण मावशींनी शेजारच्या दोघा गड्यांना हाक मारली होती. बोट उलथली, उचलली आणि नदीत नेऊन ठेवली. एका फेरीपुरती फळी टिकेल, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही जा, मी काठावरून बघतो.

"काठावरून काय दिसतंय, भाऊ?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी चपला हातात घेतल्या आणि बोटीत बसलो. दोन्ही हातांनी कड घट्ट धरली.

काठ मागे गेला. मग जे झालं ते नीट सांगता येणं अवघड आहे. ट्रॅक्टर जमिनीला पाय रोवून ओढतो, तो जोर मला आयुष्यभर ठाऊक होता. हे इंजिन कशाला पाय रोवत होतं? हातात घेतलं तर बोटांतून निसटून जाणारं पाणी, त्यालाच धरून ते तीन माणसांना आणि एका बोटीला पुढे लोटत होतं. तळव्यांना नदीची थरथर लागत होती. डाव्या हाताला झाडं सरकत होती, उजव्या हाताला नवा पूल, त्यावरून जाणारी एक एसटी खेळण्याएवढी. ऊन पाण्यावर पसरलं होतं आणि आम्ही त्यातून जात होतो. एवढी रुंद गोदावरी मी पुलावरून शेकडो वेळा ओलांडली असेल. तिच्यावर असा कधी आलो नव्हतो. भीती होती, पण तिच्याहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं होतं आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. वारा आहे, असं मी बहिणीला म्हटलं.

मधोमध आल्यावर मावशींनी इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. बोट आपोआप सरकत राहिली.

"आता खरं सांगा," त्या म्हणाल्या. "बोट चालवणार कोण?"

मी म्हटलं, मेहुणे आहेत, मीही येऊन जाऊन असेन, एखादा माणूसही ठेवता येईल. मावशी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

"मी," बहीण म्हणाली.

मावशी उठल्या, वाकून पुढे आल्या आणि बहिणीला मागची जागा दिली. बोट डुलली तसे मी डोळे मिटले. बहिणीने दोरी ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. सहा-सात वेळा ओढल्यावर तिचे दंड थरथरायला लागले. मी पुढे होणार, एवढ्यात मावशींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मला बसवलं. बहिणीने पदर कमरेला खोचला, एक पाय फळीला लावला आणि सगळं अंग घालून दोरी ओढली. इंजिन बोललं.

इंजिनाचा हातात धरायचा दांडा डावीकडे लोटला की बोट उजवीकडे जाते, हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही आधी पुलाच्या खांबाकडे निघालो, मग उलट्या दिशेला, मग एक मोठा गोल. तिसऱ्या गोलानंतर रेघ सरळ झाली. ज्या बहिणीला मी सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडत होतो, ती मला नदीवरून नेत होती. ओठ आवळलेले, नजर दूर काठावर. तिचं असं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं.

काठावर उतरल्यावर मी माझं काम केलं. सील गेलंय, गिअर किती दिवस टिकतील सांगता येत नाही, मागची फळी पूर्ण बदलावी लागेल, असं सगळं खरं खरं सांगितलं. ट्रॅक्टर असता तर गिऱ्हाइकाला सोडून द्या म्हटलं असतं, हेही सांगितलं.

बहिणीने ऐकून घेतलं. "दादा, तुला हे नीट करता येईल का न्हाई?"

"येईल."

"मग झालं तर."

किमतीचं बोलणं त्या दोघींनी गोठ्यात केलं. मला आत येऊ दिलं नाही.

बोट पिकअपवर घालून केजला आणली तेव्हा दुकानासमोर दोन दिवस गर्दी हटली नाही. फळी मी सागवानाची घातली, फायबर भरणारा माणूस जालन्याहून बोलावला. सील पाण्याच्या मोटारींच्या दुकानात सापडलं, तंतोतंत मापाचं. समुद्रातल्या यंत्राला विहिरीवरच्या मोटारीचं सील बसतं याचं मला कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं. तोवर बहिणीने परवानगीसाठी अर्ज देऊन ठेवला, तरंगणारी जाकिटं आणली, आणि त्यांच्याशिवाय कुणीही बोटीत पाय ठेवायचा नाही असं घरात बजावून टाकलं.

बोट धरणात सोडली त्या दिवशी मावशी एसटीने आल्या. तीन दिवस राहिल्या. वाऱ्यात बोट आडवी कशी होऊ द्यायची नाही, बुडालेल्या बाभळी कुठे असतील हे पाण्याच्या रंगावरून कसं ओळखायचं, हे त्यांनी बहिणीला शिकवलं. जाऊही चौथ्या फेरीला बोटीत बसली. जाताना मावशींनी बोटीकडे वळून बघितलं नाही. बहिणीच्या दोन्ही हातांचे तळवे उलटेसुलटे करून बघितले, मान हलवली आणि जीपमध्ये चढल्या.

त्यानंतरच्या सोमवारी बहीण पहिल्यांदा एकटी निघाली. सकाळची वेळ, वारा अजिबात नव्हता. मी काठावर उभा होतो. बोट लहान होत गेली, मग एक ठिपका, मग टेकाडाच्या रंगात मिसळून गेली. आवाजही विरला. पाणी पहिल्यासारखं सपाट झालं असं वाटलं. आणि कितीतरी वेळाने, ती पलीकडे उतरून कामालाही लागली असेल तेव्हा, तिच्या बोटीने उठवलेली लाट हळूहळू सगळं पाणी ओलांडून आली आणि माझ्या पायांवर फुटली.