मढ्यांचं टेबल

कवळ्या करणाऱ्या त्या माणसाला माणसं आवडत नसत, आणि ते त्याने कधी लपवलंही नाही. दिवसभर त्याच्यासमोर तोंडं येत ती प्लास्टरची: ओठ नसलेली, बोलू न शकणारी. तेवढीच त्याला सहन होत. दातांचे डॉक्टर ठसे पाठवत. तो मेणात एकेक दात बसवी, हिरड्यांचा गुलाबी रंग जुळवी. आणि संध्याकाळी तसल्याच बारीक ब्रशाने मढी रंगवी.

ही मढी शिशाची, अंगठ्याच्या पेराएवढी, एका युद्धखेळातली. कुठल्याशा जुन्या युद्धात हरलेली, बर्फातून माघार घेणारी उपाशी पलटण, आणि तिच्या मागावर बर्फातून उठलेले तिचेच मेलेले सोबती. मागच्या खोलीतल्या मोठ्या टेबलावर त्याने जळकी गिरणी, गोठलेला ओढा, वाकलेली कुंपणं उभी केली होती. एकाने जिवंत चालवायचे, दुसऱ्याने मेलेले. चाल मोजपट्टीने मोजायची, निकाल फाशाने लावायचा. मढं जवळ आलं की शिपायासाठी फासा टाकायचा. चारच्या खाली पडला की शिपाई भिऊन पळाला.

हे सगळं तो शेजारच्या दुकानातल्या चष्मेवाल्याबरोबर खेळे. चष्मेवाला दुसऱ्या गावी लेकीकडे राहायला गेला आणि गिरणीवर धूळ बसू लागली. इकडे बायकोची शिवणयंत्रं जागा नसल्याने स्वयंपाकघराच्या दारात अडकून पडली होती. एकदा जेवताना ती म्हणाली, "खेळणार असाल तर राहू दे ते टेबल. नुसतं बघत बसायचं असेल तर मला ती खोली हवीय."

"खेळायला आहे कोण?"

"धाकट्याला सांगितलंय मी. रविवारी येतोय."

त्याने ताट बाजूला सारलं.

"आणि एकदा येऊन पळाला तर ते मी धरणार नाही हं. परत यायला हवा."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ, लिफ्ट दुरुस्त करणारा. सासूबाईंची कवळी जावयाने हौसेने केली होती आणि ती भर जेवणात निसटून वाटीत पडली होती. तेव्हा हाच मेव्हणा म्हणाला होता, "दाजींची कवळी तोंडापेक्षा वाटीतच शोभते." पाहुणे पोट धरून हसले. तेव्हापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता. पण मेव्हण्याची बायको मुलांना घेऊन निघून गेल्यापासून त्याला रविवारी घर खायला उठे, म्हणून ताईचं त्याने ऐकलं.

कवळीवाल्याने मनाशी ठरवलं: आज जिभेला आवर घालायचा, आणि हरायचं. जिंकलेला माणूस परत येतो.

मेव्हणा आला, खुर्ची ओढून बसला. "बाहुल्या खेळायचं वय आहे का हे, दाजी?"

"शिपाई आहेत ते." कवळीवाला कसाबसा हसला. "तू जिवंतांची बाजू घे. तुझा कप्तान ओढ्यापलीकडे पोचला की तू जिंकलास."

"आणि हे सडके?"

"ते माझे."

"शोभतात."

मेव्हण्याने एक मढं उचलून दिव्याखाली धरलं. लोंबत्या जबड्यात दात न दात वेगळा दिसत होता. "दात मात्र झकास बसलेत. आईच्या वेळी कुठे गेला होता हा हात?"

कवळीवाल्याने ते गिळलं आणि मोजपट्टी त्याच्या हातात दिली.

पहिल्याच फेरीत मेव्हण्याचे दोघे शिपाई पळाले. "भेकड साले!" तो म्हणाला, आणि मग जरा पुढे सरकून, "पळालेला परत येतो का?"

"पुढच्या वेळी चार किंवा वर पडला तर येतो."

मेव्हण्याने बाह्या सरसावल्या. कवळीवाला आपली मढी मुद्दाम रेंगाळत नेत होता; एकाला तर त्याने कुंपणात अडकवून ठेवलं. तरी एक मढं कप्तानाला भिडलंच. पाच किंवा सहा पडला की कप्तान मेला. त्याने फासा टाकला. पाच. त्याने झटकन त्यावर तळवा ठेवला, फासा उचलला. "दोन. वाचलास."

मेव्हणा सावकाश उभा राहिला. "पाच होता."

"चष्मा लाव."

"पाच होता, दाजी. मला जिंकवताय तुम्ही? ताईने सांगितलं असेल, बिचाऱ्याचं घर रिकामं झालंय, सांभाळून घ्या."

"तुझी कीव? तुझी कीव करायला मला वेड लागलंय?" कवळीवाल्याचा आवाज चढला. "तू परत आला नाहीस तर हे टेबल जाणार. म्हणून. नाहीतर तुला उंबरठ्याच्या आत घेतला नसता!"

मेव्हण्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग खाली बसला. "हे आधी सांगायचं ना. मला वाटलं, कीव." त्याने आपल्या हाताने कप्तानाला आडवं केलं. "मेला. पुढे?"

"मेलेला माझ्या बाजूने उठतो."

"उठवा. आणि आता नीट खेळा."

कवळीवाला नीट खेळला. कप्तानाचं मढं त्याने कप्तानाच्याच माणसांवर सोडलं. पळणाऱ्यांना गिरणीपाशी गाठलं, शेवटच्याला ओढ्याच्या काठावर. एक बोट अंतरही सोडलं नाही. मेव्हणा प्रत्येक फाशाला शिव्या देत होता आणि प्रत्येक फासा वाकून तपासत होता.

"संपलास," कवळीवाला म्हणाला. असं सुख त्याला खूप दिवसांत मिळालं नव्हतं.

मेव्हण्याने कप्तान उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"ठेव तो खाली."

"माझा माणूस आहे. तुमच्या मढ्यांत नाही राहणार."

"मी रंगवलाय तो!"

"मग रविवारी जिंकून घ्या." दार एवढ्या जोरात आपटलं की कुंपणं पडली.

बायको आत आली. "केवढे ओरडत होतात. काय झालं?"

"चोर आहे तुझा भाऊ."

"म्हणजे येणार," ती म्हणाली आणि हात पुसत परत गेली.

कवळीवाल्याने कुंपणं उभी केली. मग मेव्हण्याच्या खुर्चीत बसून, नजर त्याच्या उंचीवर आणून तो बघू लागला: गिरणीमागे मढी नेमकी कुठे ठेवली म्हणजे इथून दिसणार नाहीत.