सिस्टरांचा उजवा हात

"हाड मोडलंय माझं, डोकं नाही."

माझ्या खोलीच्या दारात उभं राहून सिस्टर हे वाक्य म्हणायच्या. नमस्कार नाही, हसणं नाही. मग खुर्ची दाराकडे तोंड करून फिरवायच्या आणि माझ्याकडे जवळजवळ पाठ करून बसायच्या. उजवा हात पदराखाली, छातीशी धरलेला. बाजूने कुणी गेलं की तो आणखी आत सरकायचा.

हैदराबादेतल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी समुपदेशक आहे. हाड जुळलं तरी काही लोकांचं दुखणं जात नाही; ते महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतं. भीतीने, झोपेअभावी, दुखरा अवयव हलवायचाच नाही या हट्टाने ते मुरत जातं. ते मुरायच्या आत माणसाला गाठायचं, हे माझं काम. श्वास, अंग सैल सोडणं, घाबरलेल्या हाताला हळूहळू कामाला लावणं. दवाखान्यातले डॉक्टर माझ्या खोलीला 'अगरबत्ती विभाग' म्हणत. सिस्टर तर तिला कपाट म्हणायच्या.

त्या होत्या सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. मूळ मराठवाड्यातल्या, पण सगळी नोकरी इथेच. घर बरकतपुऱ्यात, मुलगा आणि सुनेसोबत. सुलतान बाजारात एका कापडदुकानाच्या पायऱ्या उतरताना गर्दीत धक्का लागला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा एक्स-रे उत्तम होता, बोटं मात्र सुजलेली, ताठ. चादर घासली तरी हाताची आग व्हायची. म्हणून डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं.

पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "सिस्टर, डोळे मिटा. फक्त श्वासाकडे लक्ष द्या."

"चौतीस वर्षं लोकांचे श्वास मोजले मी. तू मला श्वास शिकवतेस?"

डोळे त्यांनी मिटले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या आणि दहा मिनिटांनी म्हणाल्या, "हे घड्याळ मागं आहे."

मराठी पेशंटांसाठी मी एक माहितीपत्रक लिहिलं होतं. माझी शाळा इंग्रजी. मराठी घरात बोललेली, वाचलेली थोडी. पुढच्या खेपेला ते पत्रक माझ्या टेबलावर परत आलं. शुद्धलेखनाच्या प्रत्येक चुकीभोवती लाल गोल, डाव्या हाताने काढलेला, वेडावाकडा. एकही चूक सुटली नव्हती.

खरं सांगते, मला त्या आवडत नव्हत्या. यादीत त्यांचं नाव दिसलं की सकाळपासून माझं डोकं भणभणायचं. तुम्हालाही कामाच्या जागी असं माणूस भेटलं असेल, जे आपल्याला काही येत नाही असं रोज नव्याने सिद्ध करतं. चौथ्या भेटीत त्या म्हणाल्या, "दुखतंय इथं आणि तू गप्पा मारतेस. पगार कशाचा घेतेस?" आणि माझा तोल गेला.

"सिस्टर, तुमचं हाड कधीच जुळलंय. आता जे दुखतंय ते सगळं डोक्यातलं आहे."

असं बोलू नये, हे या कामातलं पहिलं पथ्य. मला ते पाठ होतं. तरी मी बोलले, आणि लागावं म्हणूनच बोलले.

सिस्टर उठल्या. चेहरा पांढरा पडला होता. त्या सरळ अधीक्षकांच्या खोलीत गेल्या. त्यांच्या लेखी तक्रारीत एकच ओळ होती : ही बाई म्हणते, मी नाटक करते.

मला लेखी माफी मागावी लागली. मागितली, दात-ओठ खात.

त्या परत येतील असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मुलगा त्यांना दारापर्यंत सोडून गेला. त्या बसल्या, दाराकडे तोंड करूनच. मीही गोड बोलायच्या मनःस्थितीत नव्हते.

"सिस्टर, नाटक हा शब्द मी वापरला नव्हता. तो कुणाचा?"

त्यांनी पदर हातावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "माझा."

नोकरीत असताना त्यांच्या वॉर्डात एक गवंडी होता, त्यांनी सांगितलं. पायाचं हाड जुळलं होतं, तरी पायाला हात लावला की ओरडायचा. एके दिवशी त्याच्या बायकोसमोर त्या त्याला म्हणाल्या, 'नाटकां नक्को करो.' वर एक्स-रे उजेडात धरून दाखवला. बघ, कुठे काय आहे?

"त्यानंतर तो ओरडला नाही. कधीच नाही. वर्षानुवर्षं काठी टेकत ओपीडीत यायचा आणि मी दिसले की मान खाली घालायचा." पदराखालचा हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरला. "आता माझा एक्स-रेपण चांगला आहे."

मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले.

"सिस्टर, पेशंटच्या बोटाची वायर सैल झाली की मॉनिटर बोंबलतो. पेशंट ठीक असतो. मग तो आवाज खोटा असतो का?"

"आवाज खोटा कसा असेल? अख्खा वॉर्ड ऐकतो."

"मग तुम्ही काय करता?"

"आधी पेशंटला बघते. मग वायर." त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"चुकलं माझं."

"हौ. चुकलंच."

त्या दिवसापासून त्यांनी सगळं केलं, पण शत्रूकडून औषध घ्यावं तसं. दुखणं किती हे लिहायचं नाही, हाताने आज काय केलं ते लिहायचं, असं मी सांगितलं. त्यांनी वॉर्डासारखा तक्ता आखला. कोमट पाण्यात हात. मऊ कापड, मग खरबरीत. आधी डोळे मिटून मनातल्या मनात बँडेज बांधायचं, मग खरोखर. ते पहिलं खरं बँडेज त्यांनी माझ्या मनगटावर बांधलं, इतकं घट्ट की माझी बोटं निळी पडली.

"सैल बांधायला ताकद लागते," त्या म्हणाल्या. "ती नाही आली अजून."

त्यानंतर आम्ही सुलतान बाजारात त्या पायऱ्यांवर गेलो. खाली माणसांचा लोंढा, ऑटोंचे भोंगे. त्यांचा हात पुन्हा छातीशी गेला. मी हळूच म्हणाले, "श्वास सोडा, सिस्टर."

"तू सोड आधी. तूच धरून ठेवलायस."

खरंच मी धरला होता. मी सोडला. त्या एकेक पायरी उतरल्या, उजव्या हाताने कठडा धरून.

दुखणं पूर्ण गेलं नाही. थंडीत मनगट ठणकायचं. पण हात उघडला, तो त्यांचा झाला. शेवटच्या भेटीत अभिप्रायाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : "बोलते जास्त."

पुढे त्या दर मंगळवारी बायकांच्या वॉर्डात येऊ लागल्या. कुणी बोलावलं नव्हतं. प्लास्टर निघालेल्या बाईच्या खाटेशी बसायच्या आणि दरडावून विचारायच्या, "दुखतंय? मग ओरड की. मी ऐकते." माझ्या खोलीवरून जाताना आत बघायच्या नाहीत.

एका मंगळवारी त्या आल्या नाहीत. पुढच्याही नाही. हृदयविकाराच्या झटक्याने गेल्या होत्या, घरातच.

मी बरकतपुऱ्याला गेले. सून दारातच म्हणाली, "तुम्ही त्या कपाटवाल्या मॅडम ना? तुमच्याबद्दल कधी चांगलं नाही बोलल्या हं." मग तिलाच वाईट वाटलं. तिने मला आत बसवलं, पाणी दिलं.

"ज्या दिवशी गेल्या, त्या सकाळी स्वयंपाकघरातून मला बाहेर काढलं," ती म्हणाली. "पडल्यापासून पहिल्यांदाच भाकरी थापल्या. वर मला बजावलं, त्या पोरीला सांगू नको, तिला वाटेल तिच्यामुळेच."

तिने ओट्यावरचा डबा उघडून माझ्यासमोर धरला. शेवटची भाकरी फेकवली नव्हती तिच्याने. तळाशी ती होती, जाड, कडेला करपलेली, वाळून कडक झालेली. तिच्यावर उजव्या हाताची पाचही बोटं उमटली होती.